दुखण्याला दिलेले गुण

माझा उजवा हात जागेवर आहे. खांद्यापासून बोटांपर्यंत पुरा आहे, नखं वाढतात, ती कापावी लागतात. फक्त तो हलत नाही आणि त्याला काही कळत नाही. सुई टोचली तरी कळत नाही, गरम पातेलं लागलं तरी कळत नाही. आणि तरी तो दुखतो. हे मी इतक्या जणांना सांगितलं आणि इतक्या जणांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं, की आता एकदाच लिहून टाकते. ज्यांचं असं डोळ्यांना न दिसणारं दुखणं आहे त्यांनी वाचावं. ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांनी तर वाचावंच.

मी काही शूर बाई नाही. आजारावर मात केली वगैरे मला लिहिता येणार नाही, कारण केलेली नाही. या हकिगतीत माझी एक चूक आहे. ती इतरांनी करू नये एवढ्यासाठी हा खटाटोप.

०

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा शिरड शहापूरजवळच्या एका खेड्यात, घर औंढ्याला. हे तिथल्या पोस्टात कारकून. हिंगोली जिल्हा होऊन दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. सुट्टी लागली म्हणून मी माहेरी गोरेगावला निघाले होते. सेनगावहून जीप धरली. जीपमध्ये माणसं कशी कोंबतात ते आमच्याकडच्या कुणाला सांगायला नको. मला मागच्या दाराजवळ बूड टेकायला जागा मिळाली हेच नशीब. तीन वर्षांची प्रज्ञा मांडीवर. डाव्या हातानं तिला कवळ्यात धरलं होतं आणि उजव्या हातानं वरचा दांडा.

मध्येच म्हैस आडवी आली आणि जीप कलंडली. मी दोन्ही हातांतलं काही सोडलं नाही. डाव्या हातानं पोरगी वाचली, तिला साधं खरचटलंही नाही. उजव्या हातानं मात्र दांडा सोडला असता तर बरं झालं असतं, असं नंतर डॉक्टर म्हणाले. अंग एकीकडे फेकलं गेलं आणि हात दांड्यालाच राहिला. त्या ओढीनं मानेतून हाताकडे येणाऱ्या शिरा मुळापासून उपटल्या गेल्या.

हे आम्हाला कळायला तीन महिने लागले. तोवर हिंगोलीला खांदा बसवून झाला होता, तेल चोळून झालं होतं, शेकून झालं होतं. शेवटी नांदेडच्या एका मेंदूच्या डॉक्टरांनी सुया टोचून तपासणी केली. माणूस सरळ होता, आडवळण घेतलं नाही. म्हणाले, हा हात परत येणार नाही. यांनी विचारलं, "मग ही रात्रंदिवस तळमळते ते कशानं? हाताला तर काहीच कळंना." डॉक्टरांनी यांना विचारलं, तुम्ही पोस्टात आहात ना? मग समजा फोनची लाईन तुटली, पण इकडची घंटी वाजतच राहिली. हात नाही दुखत, मेंदूतली घंटी दुखते.

मी विचारलं, ती कधी थांबेल? ते म्हणाले, "काहींची थांबते." घरी येईपर्यंत मी त्या "काहींची" या शब्दाला धरून होते.

०

माझी नाही थांबली. निखारा मुठीत धरून कुणीतरी वरून मूठ आवळावी, तसं. आणि ती मूठ उघडता येत नाही, कारण खरी बोटं सैल पडलेली असतात, आवळलेली मूठ मेंदूतली असते. दिवसातून पंधरा-वीस वेळा मोठी कळ यायची. वर्गात आली की मी फळ्याकडे तोंड करून उभी राहायची. पोरांना वाटायचं बाई काहीतरी लिहिणार आहेत.

गोळ्यांनी दुखणं कमी होण्याऐवजी मीच कमी व्हायची. पाढे घेता घेता डोळा लागायचा. डाव्या हातानं लिहायला शिकले. पहिलीतली पोरं आणि मी एकाच वेळी अक्षर गिरवत होतो, आणि त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा लवकर सुधारलं. शिक्षकखोलीत कुजबुज चालायची. हात तर जसाच्या तसा दिसतो, मग बाईंना एवढं काय दुखतं? बदली टाळायचं नाटक आहे, असंही एक जण म्हणाला. मला राग यायचा, पण दाखवायचा तरी काय? जखम असती तर पट्टी सोडून दाखवली असती.

घरात मी वाईट वागले. प्रज्ञा पाच वर्षांची असताना एकदा धावत आली आणि माझ्या उजव्या अंगाला बिलगली. त्याच क्षणी कळ आली. मी डाव्या हातानं तिच्या फाडकन मुस्कटात मारली. ज्या हातानं तिला वाचवलं त्याच हातानं. गोरेगावहून आई आलेली होती. ती म्हणाली, "लेकराला काहून मारती बाई? तिला काय ठावं?" त्यानंतर प्रज्ञानं आपणच एक नियम करून घेतला. माझ्याजवळ यायचं असलं की ती मागून वळसा घालून डावीकडून यायची. मी कधी तिला तसं सांगितलं नव्हतं. घरात कुणाचं तिकडे लक्षही गेलं नसेल, मी मात्र रोज बघायची. मला दुखणं थांबायला हवं होतं ते या वळशासाठी. नोकरी, लोक, झोप, सगळं त्याच्यानंतर.

०

पाचेक वर्षं अशी गेल्यावर नांदेडच्या त्याच डॉक्टरांनी सांगितलं की हैदराबादला एका मोठ्या दवाखान्यात चुंबकाच्या यंत्रानं मेंदूला बाहेरूनच चालना देतात. कापाकापी नाही, भूल नाही. नैराश्याच्या रोग्यांसाठी ते वापरतातच, आता असल्या दुखण्यावर उपयोग होतो का ते तिथले डॉक्टर तपासून राहिलेत. पैसा लागणार नाही, पण दहा दिवस रोज जावं लागेल. हमी कुणी देणार नाही.

यांनी साठवलेली सगळी रजा काढली. प्रज्ञाला गोरेगावला आईकडे ठेवलं. निघताना ती म्हणाली, "मम्मी, चुंबकानं तर खिळे निघतात." शाळेत नुकतंच शिकली होती. मी म्हटलं, बघू, एखादा रुतलेला असेल तर निघेल.

दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत खोली मिळाली. पहिल्या दिवशी कान, नाक, गळा सगळं मोकळं करायला लावलं. धातू चालत नाही. मंगळसूत्र, कुड्या, केसांतल्या पिना, सगळं यांच्या रुमालात. हे दाराबाहेर बाकावर बसायचे, रुमाल मुठीत धरून. दहाही दिवस मी बाहेर आले की पहिल्यांदा ती मूठ दिसायची.

यंत्र म्हणजे खुर्ची, तिच्याशेजारी कपाटाएवढी पेटी आणि पेटीतून निघालेली जाड वायर. वायरच्या टोकाला दोन वेटोळी जोडलेली, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी. ती डोक्याला टेकवतात. आधी उजव्या बाजूला टेकवून एक ठोका दिला आणि माझा डावा अंगठा आपोआप उडाला. मी उडवला नव्हता. मला हसू आलं आणि लगेच रडू आलं, कारण मग त्यांनी तेच डाव्या बाजूला केलं आणि उजवा अंगठा गप्प राहिला. डॉक्टरबाई म्हणाल्या, घाबरू नका, अंगठा हलणार नाही हे ठाऊक होतं, आपल्याला त्या जागेला नुसतं समजवायचं आहे. मग कानात बोळे घालून टकटकटक सुरू. कुणी टिचक्या मारत राहावं तसं. थोडा वेळ ठोके, थोडा वेळ थांबायचं. वीस-पंचवीस मिनिटांत संपायचं. दुखायचं नाही, फक्त डोकं जड व्हायचं.

डॉक्टरबाई वयानं माझ्याहून लहान. हैदराबादी हिंदी बोलायच्या, ती आम्हाला सहज कळायची. पहिल्या दिवशी त्यांनी मला एक कागद दिला. त्यावर शून्य ते दहा आकडे. शून्य म्हणजे दुखणं नाही, दहा म्हणजे सहन होणार नाही इतकं. रोज ठोक्यांच्या आधी आकडा सांगायचा. दहाव्या दिवशी आकडा तीनच्या खाली असला तर उपचार पूर्ण समजायचा. वर असला तर जागा थोडी बदलून आणखी दहा दिवस, आणि पुढे महिन्यातून एकदा बोलावतील. त्यांनी हे दोनदा सांगितलं. मला ते नीट कळलं होतं. कळलं नव्हतं अशी सबब मला नाही.

०

आमच्याकडे कुणी "कसं हाय?" विचारलं तर उत्तर एकच, "बरं हाय." ताप भरलेला माणूस अंथरुणातून "बरं हाय" म्हणतो. मयताच्या घरी दारात बसलेला माणूससुद्धा तेच म्हणतो. आपलं दुखणं समोरच्याच्या पदरात टाकायचं नाही, ही रीत. आणि समोरचा आपल्यासाठी झटत असला तर मग "फरक न्हाई" म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं.

त्यात मी मास्तरीण. चौतीसवाल्याला पस्तीस देणं माझ्या हाडात मुरलेलं. पोरगं झटलं आहे, येत नाही त्याला, पण झटलं आहे, मग द्या बिचाऱ्याला ढकलपास.

पहिल्या दिवशी मी खरं सांगितलं, नऊ. दुसऱ्या दिवशीही नऊच होतं. पण डॉक्टरबाईंनी त्या दिवशी माझ्यासाठी डब्यात उपमा आणला होता. "दीदी, आज कितना है?" त्यांनी विचारलं. पेन हातात धरून त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, निकाल ऐकायला आलेल्या आईसारख्या. मी म्हटलं, "सात." त्यांचा चेहरा उजळला. बस, तिथून सुरू झालं. सात एकदा लिहिल्यावर पुढच्या दिवशी नऊ कसं सांगणार?

फरक पडत नव्हता असं नाही. हे मला स्वच्छ सांगायचं आहे, म्हणजे कुणाचा त्या यंत्रावरचा विश्वास उडायला नको. पाचव्या-सहाव्या दिवसापासून कळा कमी झाल्या होत्या. आवळलेली मूठ थोडी सैल पडली होती. नवाचं आठ झालं, आठाचं सात, शेवटी शेवटी सहा. पण कागदावर मी नेहमी दोन-चार पावलं पुढं.

माझ्यानंतरची पाळी थावराकाकांची असायची. किनवटकडच्या तांड्यावरचा म्हातारा, पाय गुडघ्याखाली कापलेला आणि नसलेली टाच दुखायची. त्यांना विचारलं की ते रोज एकच सांगायचे, "दहा." डॉक्टरबाई म्हणायच्या, काका, थोडा तरी फरक? काका म्हणायचे, "थोडासुदिक न्हाई." मला त्यांचा राग यायचा. एवढी पोर राबते आहे आणि याच्या तोंडातून एक बरा शब्द निघत नाही. मी यांच्याजवळ तसं बोललेसुद्धा. हे हसले. म्हणाले, "दुखतंय तर दुखतंय म्हणतो. त्यात काय चुकलं त्याचं?"

आठव्या दिवशी दुपारी धर्मशाळेत मोठी कळ आली. मी पदराचा बोळा दातात धरला. हे शेजारी पाठ चोळत बसले होते. ती ओसरल्यावर यांनी विचारलं की आज डॉक्टरबाईंना काय सांगितलं. मी म्हटलं, खरं तेच सांगितलं.

दहाव्या दिवशी सकाळी गोरेगावच्या एसटीडी बूथवर प्रज्ञाला बोलावून घेतलं होतं. ती म्हणाली, "मम्मी, बरी झाली का? कधी येती?" फोन ठेवला आणि दवाखान्यात आत गेले. माझं दुखणं तेव्हा सहा होतं. डॉक्टरबाईंनी विचारलं आणि मी म्हटलं, "दोन."

त्यांनी पेन खाली ठेवून माझा डावा हात दोन्ही हातांत धरला. दुसऱ्या डॉक्टरांना बोलावून सांगितलं. मला इतकं बरं वाटलं की त्या क्षणी दुखणं खरंच दोनावर आलं असावं.

०

पुढचे तीन आठवडे माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते. घरी आल्यावर दुखणं आणखी थोडं उतरलं, पाचावर आलं, एका सकाळी चारावर. मी सगळ्यांना सांगून टाकलं की गेलं. आईला, शाळेत, शेजारी. आईनं खीर केली. प्रज्ञा पहिले दोन दिवस लांबून बघत होती. तिसऱ्या दिवशी मी भाजी निवडत बसले होते तेव्हा ती सरळ उजवीकडून आली आणि माझ्या निर्जीव हाताला टेकून बसली. मला त्या हाताला काही जाणवलं नाही. पण मी हलले नाही, भाजी निवडून झाल्यावरसुद्धा.

मग ते परत येऊ लागलं. आधी अधूनमधून, नंतर रोज. मी कुणाला बोलले नाही. गेलं म्हणून सांगून बसले होते, आता कोणत्या तोंडानं सांगू? अकरा दिवस मी गप्प राहिले.

बाराव्या दिवशी रविवार होता. प्रज्ञानं कुठूनतरी नखांना लावायच्या रंगाची बाटली आणली होती. माझा उजवा हात उशीवर ठेवून एकेक नख रंगवत बसली. म्हणाली, हा हात चांगला आहे, हलत नाही, रंग बाहेर जात नाही. तीन नखं झाली आणि कळ आली. मी ओरडले आणि डाव्या हातानं तिला ढकललं. बाटली फरशीवर फुटली. ती भिंतीला जाऊन टेकली. रडली नाही.

"तू तर म्हणाली होती गेलं म्हणून," ती म्हणाली.

मी खाली वाकून काचा वेचू लागले. दुसऱ्या दिवसापासून ती परत डावीकडून येऊ लागली. आता ती मोठी आहे, शिकायला बाहेर असते, समजूतदार आहे. त्या रविवारबद्दल आम्ही दोघी कधीच बोललो नाही. माझ्याच्यानं विषय काढवत नाही.

०

यांना मी अर्धं खरं सांगितलं. म्हटलं, गेलं होतं, परत आलं. यांनी परत रजा जमवली. त्यात आठ महिने गेले. हैदराबादला पोचलो तर डॉक्टरबाई दुसऱ्या गावी गेलेल्या. त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरांनी माझी फाईल शोधून काढली. वाचून म्हणाले, तुमचा तर सगळ्यात चांगला निकाल आहे. आम्ही म्हटलं, पण परत दुखतंय. ते म्हणाले, तपासणीचं काम संपलं, आता यंत्र दुसऱ्या रोग्यांना दिलंय. ज्यांचं दुखणं दहा दिवसांत गेलं नव्हतं त्यांची एक यादी झाली होती, त्यांना वीस दिवस दिले आणि अजून महिन्याला बोलावतो. त्या यादीत तुमचं नाव नाही. मी वर विचारून बघतो, पण आशेवर राहू नका. त्यांचं बरोबर होतं. कागदावर मी बरी झालेली बाई होते.

बाहेर बाकावर थावराकाका भेटले. महिन्याच्या पाळीला आले होते. ठोक्यांच्या बाराव्या दिवशी टाच पहिल्यांदा ढिली पडली म्हणाले. आता चार-पाचाच्या वर जात नाही, रानात कामाला जाऊन राहिलो. मला म्हणाले, "तू तर दहा दिवसात चांगली झाली व्हतीस ना बाई?" मी म्हटलं, "व्हय काका."

मी काकांशी बोलत होते तेव्हा डॉक्टरांनी फाईल यांच्या हातात दिली होती, झेरॉक्स काढून आणायला. हे पोस्टातले, कागद हातात आला की वाचल्याशिवाय राहत नाहीत. तारखा आणि पुढे आकडे. नऊ, सात, सात, सहा, पाच, पाच, चार, तीन, तीन, दोन. हे बराच वेळ त्या आठव्या आकड्याकडे बघत उभे होते. त्या दुपारी पदराचा बोळा माझ्या दातात होता आणि पाठीवर हात यांचा होता. यांना तारीख पाठ होती.

यांनी झेरॉक्स काढली, फाईल परत केली, डॉक्टरांचे आभार मानले. गाडीत मला खिडकी दिली आणि स्वतः माझ्या उजव्या हाताशी बसले, येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का लागू नये म्हणून. नेहमीच तसे बसतात. निजामाबाद गेलं, बासरचा पूल गेला. मी म्हटलं, "बोला तरी काहीतरी. शिव्या द्या."

हे म्हणाले, "डॉक्टरला न्हाई सांगितलंस, समजलं मला. मला काहून न्हाई सांगितलंस? मी तर शेजारीच बसलो व्हतो."

कदाचित ज्याच्यापाशी सगळ्यात जास्त खरं बोलायचं त्याच्यापाशीच मला सगळ्यात जास्त लाज वाटत होती. त्यांची रजा, त्यांची धावपळ, मुठीतला तो रुमाल, एवढं सगळं करून बायको सहावरच आहे, हे मला त्यांना ऐकवायचं नव्हतं. मी त्यांनाही ढकलपास केलं होतं. आणि त्यात बुडालो आम्ही तिघंही.

धर्माबाद आलं तेव्हा कळ सुरू झाली होती. मी खिडकीकडे तोंड वळवलं.

"आत्ता किती हाय?" यांनी विचारलं.

"आठ," मी म्हटलं.

यांनी मान हलवली. हळूच माझा उजवा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला.

"नऊ असंल," हे म्हणाले.

नऊच होतं.